आयांची गाडी

माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या त्याला आता महिना उलटून गेला. घरी भेटायला येणारे त्यांच्या आजारपणाचं विचारतात. मीही सांगते, कारण विचारणाऱ्याला काहीतरी सांगावं लागतं. पण ती माणसं उठून गेली की मला आजारपण आठवत नाही. आठवतात त्या बैलगाडीत पाय लांब करून बसलेल्या, गालात सुपारी धरून नाकेदाराशी बोलणाऱ्या जाऊबाई. सुतकातून नुकत्याच उठलेल्या घरात बाई एकटीच हसताना दिसली तर बरं दिसत नाही, म्हणून हे लिहून काढते आहे. सावकाश लिहिते. घाई करायला आता कुणी मागे लागत नाही.

एकोणीसशे पन्नास उलटल्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही हकिगत. मी नुकतीच लग्न होऊन वाशिमला आले होते. आमचं घर गाड्यांचं. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, भाड्याच्या बैलगाड्या चालवत. काही गाड्या घरच्या, काही आसपासच्या खेड्यांतल्या गाडीवानांच्या, असा त्यांचा तांडा होता. माझे यजमान जिनिंगमध्ये कारकून होते. गाड्यांशी त्यांचा संबंध येता-जाता बैलांच्या पाठीवर हात फिरवण्यापुरता.

वाशिम तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि पैनगंगा ओलांडली की हैदराबाद राज्य लागे. निजाम गेला होता, तिकडेही आपलाच झेंडा फडकत होता, पण नदीच्या पलीकडच्या काठावरचा जकातनाका जागचा हलला नव्हता. लोक त्याला जुन्याच नावानं करोडगिरी म्हणत. “देश एक झाला, पण नाकेदाराले कोणी सांगतलं नाई वाटते,” असं जाऊबाई म्हणायच्या.

आमच्या गाड्यांचा मुख्य आधार होता शिरपूरच्या एका जैन शेठजींचं कापड. शेठजींची गिऱ्हाइकं रुळापासून लांब, नदीपलीकडच्या एका बाजारगावी होती. तिथला बाजार सोमवारचा. शनिवारी कापडाच्या गाठी शिरपूरहून आमच्या अंगणात येत, रविवारी उजाडताना गाड्या निघत, दुपारी नाका ओलांडत आणि दिवेलागणीला बाजारगावी पोचत. हे भाडं होतं म्हणून बाकीची किरकोळ भाडी परवडत. हे गेलं असतं तर निम्मे बैल विकावे लागले असते, आणि गाडीवानांना दुसरं काम शोधावं लागलं असतं.

या कापडाबरोबर आणखी एक माल जाई, त्याचं भाडं मात्र कुणी घेत नसे.

वाशिमकडच्या कितीतरी मुली नदीपलीकडे दिलेल्या. नाका नंतरचा, सोयरिकी त्याच्या आधीच्या. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत आमच्याकडे फार कडक. पाणीच प्यायचं नाही तर उन्हातान्हाचं जायचं कसं आणि राहायचं कसं? म्हणून आई स्वतः जात नसे, गाठोडं पाठवी. शेवया, कुरड्या, जवसाची चटणी, चोळीचा खण, कुठे डिंकाचे लाडू. गाडीवान ते कडब्याखाली किंवा कापडाच्या गाठींच्या फटीत खोचून नेई. लेकीच्या गाठोड्याचं भाडं मागणं म्हणजे पाप. तो ते तिच्या हातात देई, ओसरीवर बसून गूळपाणी घेई आणि सांगण्यासारखं, न सांगण्यासारखं सगळं ऐकून परत येई. त्या गावांतल्या सुना आमच्या गाडीवानांना मामा म्हणत. परत येणारं फडकंही रिकामं नसे, त्यात मूठभर हळद बांधलेली असे.

जुना नाकेदार गाठींमध्ये सूजा खुपसून पाही, कापडाची जकात घेई आणि गाठोड्यांकडे बघून न बघितल्यासारखं करी. त्या उन्हाळ्यात तो बदलून गेला. नवा नाकेदार आला आणि त्याच्याबरोबर नवा नियम आला. गाडीतला प्रत्येक डाग, म्हणजे बांधलेला प्रत्येक नग, बीजकात, मालाच्या यादीत, लिहिलेला हवा. एक जरी डाग बिनलिहिलेला सापडला, तर त्या एकाच गाडीचा नव्हे, तांड्यातल्या सगळ्या गाड्यांचा माल उतरवून तपासायचा.

पहिल्याच रविवारी कडब्याखालची गाठोडी निघाली. सगळ्या गाठी उतरवल्या, उसवल्या, मोजल्या, पुन्हा शिवल्या, पुन्हा चढवल्या. कापड बाजारगावी पोचलं तेव्हा बाजार उठून गेला होता.

त्याच आठवड्यात शेठजी स्वतः आमच्या घरी आले. हातात छत्री, पायात कॅनव्हासचे जोडे. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यामुळेच भासरे त्यांना वचकून असत.

“तुमचे बैल चांगले, तुमी चांगले,” शेठजी ओसरीवर टेकत म्हणाले, “पण माहं कापड मंगळवारी कोण घेते? लग्नसराई चालू हाय. मोटारवाला दोनदा येऊन गेला माह्या दुकानी.”

“मोटारले नाका नाई का?” भासऱ्यांनी विचारलं.

“नाका हाय ना. पण मोटारीत गाठोडी नाईत.”

शेठजी गेल्यावर भासऱ्यांनी सगळ्या गाडीवानांना अंगणात बोलावलं आणि प्रत्येकाला आपापल्या बैलाच्या शिंगावर हात ठेवायला लावला. “आजपासून एकबी गाठोडं न्यायचं नाई. बायको देवो, का माय देवो. नाई म्हणजे नाई.” सगळ्यांनी शपथ घेतली. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. “बैलाईले इचारलं का?” एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी काय झालं ते आम्हाला किन्हीराजा गावच्या एका म्हाताऱ्या गाडीवानानं सांगितलं. तांड्यात सगळ्यात वयस्कर तोच. परतल्यावर तो चुलीजवळच्या भिंतीला टेकून बसला, चहाची बशी हातात घेतली आणि जाऊबाईंना म्हणाला, “बाई, तुमाले सांगतो, असा तमाशा म्या जन्मात नाई पायला.”

“काय झालं?”

“नाकेदारानं पयल्या गाडीचा कडबा उपसला. निंघालं गाठोडं. मालक त्या गाडीवानावर असे ओरडले, असे ओरडले. म्हणे, बैलाची शपथ खाल्ली होती ना रे? तो म्हणे, खाल्ली होती मालक, पण रात्री सासूनं आणून देलं, सासूले काय बैलाची शपथ सांगू? मंग दुसरी गाडी. आखाखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं, त्याच्यामांगं झोळी. झोळीत गाठोडं. तिसऱ्या गाडीत बैलाच्या आंबोणाच्या पोत्यात. मालक ओरडून ओरडून घोगरे झाले.”

“आन तुह्या गाडीत?” जाऊबाईंनी विचारलं.

“माह्या गाडीत कसं असन? म्या त डोक्याच्या पटक्यात बांधलं होतं.” त्यानं बशीतला चहा फुंकला. “शेवटी राह्यली मालकाची गाडी. नाकेदार म्हणे, अब ये. मालक म्हणे, ही माही सोताची हाय, हिच्यात काई नाई. तरी त्यानं बसायचं गोणपाट उचललं.”

म्हातारा थांबला आणि दाराकडे बघू लागला. भासरे बाहेर बैलांना वैरण टाकत होते, पण वैरण टाकण्याचा आवाज थांबला होता.

“हिरव्या फडक्यात होतं,” म्हातारा हळूच म्हणाला.

हिरवं फडकं आमच्याच घरचं होतं. भासऱ्यांची धाकटी बहीण नदीपलीकडे दिली होती. सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या, तेव्हा तिला गाठोडं पाठवायचं काम जाऊबाईंचं. त्यांनी नवऱ्याच्या शपथेपायी त्या खेपेला मन घट्ट करून काहीच बांधलं नव्हतं. बांधलं होतं ते खुद्द भासऱ्यांनी, चोरून, डब्यातल्या शेवया काढून.

जाऊबाई उठल्या, दारात गेल्या. “अवो, शेवया तुमी काढल्या डब्यातल्या? मी उंदराले शिव्या देऊन राह्यली होती.”

“बहीण हाय माही,” बाहेरून आवाज आला.

“मंग बाकीच्याईच्या काय शेजारणी हायेत?”

त्या दिवशी आम्ही खूप हसलो. पण कापड दुसऱ्यांदा उशिरा पोचलं होतं. शेठजींनी माणूस पाठवून निरोप दिला होता: आणखी एक सोमवार बघतो, मग मोटारीला देतो. भासरे जेवायला बसले आणि भाकरी तशीच ठेवून उठले. गाठोडी बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं, हे त्यांना आता कळलं होतं. त्यांना स्वतःलाच ते जमलं नव्हतं.

नाक्यावरून त्यांनी नियमांचा छापील कागद आणला होता. तो उर्दूत होता आणि मागच्या बाजूला इंग्रजीत. मी अकोल्याला मॅट्रिकपर्यंत शिकलेली. माहेराहून आणलेली पुस्तकं पेटीत ठेवून होते, त्यांत एक शब्दकोशही होता. कागद माझ्याकडे आला. सरकारी इंग्रजी वाचायला वेळ लागतो. दुपारची कामं आटोपली की मी तो उघडून बसे. वाचता वाचता एका कलमाशी थांबले, पुन्हा वाचलं, आणि जाऊबाईंना हाक मारली.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या घरात धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, अशी चाल होती. भासरेही माझ्याशी बोलत नसत. आम्ही तिघं एकाच खोलीत असलो तरी मी जाऊबाईंना सांगायचं, जाऊबाईंनी त्यांना सांगायचं, आणि उत्तर त्याच वाटेनं परत यायचं.

मी पदर पुढे ओढून म्हणाले, “बाई, यात लिहिलंय की माणूस स्वतः सोबत असला तर त्याच्या भेटीदाखल नेलेल्या सामानाला बीजक लागत नाही.”

जाऊबाई हातभर अंतरावर बसलेल्या नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलं का? ती म्हणते, गाठोडी बंद करायची काई गरज नाई.”

“असं नाई म्हणली ती. मले ऐकू येते.”

“ऐकू येते त मंग मले काहून बोलायले लावून राह्यले?”

भासऱ्यांनी मान खाली घालून हसू दाबलं. मग म्हणाले, “तिले इचार, मालाच्या गाडीत माणूस बसवला त चालते का?”

“नाही,” मी जाऊबाईंना म्हणाले. “मालाच्या गाडीत ते सामान नको, असं पुढं लिहिलंय. माणसांची गाडी वेगळी असली पाहिजे.”

“ती म्हणते, वेगळी गाडी द्या.”

“द्या कोण म्हणलं?”

“ते मी म्हणली.”

भासरे विचारात पडले. गाडी देता आली असती. पण कलम साफ होतं: सामान ज्याचं, तो माणूस सोबत हवा. शेवया आईच्या, म्हणजे आई हवी. “बुढ्या जातीन लेकीच्या गावाले?” ते म्हणाले. “अन् पाणी? उन्हाचं बिनपाण्याचं मारायचं काय त्याईले?”

“पाणी सोबत नेतीन,” जाऊबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळपासून जाऊबाई गल्लीतून फिरू लागल्या, आणि मी त्यांच्या मागे. प्रत्येक घरी तोच संवाद. तुमच्या लेकीचं गाठोडं आता तुम्हीच न्यायचं, नाहीतर ते जाणार नाही. बायका आधी हसत, मग घाबरत, मग नवऱ्याकडे बघत. सगळ्यात अडून बसली ती तेलघाण्याची म्हातारी. आमच्या घरामागेच तिचा घाणा. तिची एकुलती लेक मागच्याच वर्षी पलीकडे दिलेली, अजून मूलबाळ नव्हतं.

“मी नाई येत माय,” ती म्हणाली. “लोकं काय म्हणतीन? लेक देली अन् मांगं मांगं पोचली.”

“लोकं म्हणतीन, बुढी लेकीले भेटाले आली,” जाऊबाई म्हणाल्या. “दुसरं काय म्हणतीन?”

“तिची सासू लय बोलते म्हणे.”

“मंग त आलंच पायजे. सासू काय बोलते ते ऐकाले तुह्याबिगर कोण जाईन? गाडीवान त अर्धं बोलणं रस्त्यात सांडते.”

“पाणी घरचं नेईन,” म्हातारी म्हणाली. “तिच्या घरचा थेंब नाई घेणार.”

“घागरभर ने. हंडाभर ने. पण चाल.”

रविवारी उजाडताना आमच्या अंगणात जी गर्दी झाली तशी लग्नाला झाली नसेल. पुढे कापडाच्या गाड्या. भासऱ्यांनी प्रत्येक गाडीचा कडबा स्वतः हातानं चाचपला, झोळ्या उलट्या केल्या, आणि किन्हीराजाच्या म्हाताऱ्याला भर अंगणात पटका सोडायला लावला. मागे बायकांची गाडी, वर बांबूच्या कमानींवर चटई टाकलेली. हाकायला तोच म्हातारा. त्याच्यावर कापड सोपवायची भासऱ्यांची तयारी नव्हती. बायका आपापलं गाठोडं मांडीवर घेऊन चढल्या आणि प्रत्येकीची घागर मध्ये उभी केली, तोंडाला ओलं फडकं बांधून. नियमाचा कागद घडी करून माझ्या पोलक्यात होता. मला नेण्यामागे तेवढंच कारण होतं, पण मी आदल्या दिवसापासून आनंदात होते.

वाटेत बायका आधी मुकाट बसल्या. गाव मागे पडलं तशा बोलू लागल्या, आणि मग थांबेचनात. इतक्या बायका कामाशिवाय, चुलीशिवाय, एका जागी इतका वेळ बसलेल्या मी तोपर्यंत पाहिल्या नव्हत्या. त्यांनाही ते नवीन असावं. एक जण सारखी हात पुसत होती, हात कोरडे असताना. जाऊबाईंनी तिला विचारलं, “काय पुसून राह्यली व?” ती म्हणाली, “काई नाई. यावक्ती मी भाकरी थापत असते.”

नदीला पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडच्या काठावर चढ चढून गेलं की नाका. बाभळीखाली खाटलं, एक खोली, रस्त्यावर आडवा बांबू. नवा नाकेदार उंच, बारीक मिशांचा, हैदराबादेकडचा होता. त्यानं आमच्या कापडाच्या गाड्या एक एक करून पाहिल्या. बीजकाशी डाग जुळत गेले. कडब्यात काही निघालं नाही. आखाखाली काही निघालं नाही. भासऱ्यांनी गोणपाट स्वतःच उचलून दाखवलं. आता बांबू उचलायचा, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात त्याची नजर मागे आमच्या गाडीवर गेली.

“वो गाडी किसकी है?”

“माहीच हाय,” भासरे म्हणाले.

“तो वो भी इसी तांडे में है. पहले वो देखेंगे.”

म्हणजे आमच्या गाडीत एक गोष्ट चुकली असती तरी पुढच्या सगळ्या गाड्या उतरवल्या जाणार होत्या. भासरे बांबूजवळ उभे होते. मला इतक्या लांबूनही त्यांचा चेहरा दिसत होता. मी पोलक्यातून कागद काढून जाऊबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरून नाकेदारापुढे केला. “वाच बाबा. तुहाच कागद हाय.”

त्यानं कलम वाचलं आणि मला आश्चर्य वाटेल इतक्या सहज मान डोलावली. मग एक एक गाठोडं आणि एक एक बाई. “ये किसका?” “माहं.” “किसके लिए?” “माह्या पोरीसाठी.” “ये?” “माहं.” “क्या है?” “कुरड्या हायेत, तळून पाय, फुलतेत की नाई.” प्रत्येक गाठोड्याला आई होती. हिरवं फडकं जाऊबाईंच्या मांडीवर होतं. सगळं जुळलं.

मग त्यानं मध्ये उभ्या केलेल्या घागरींकडे बोट केलं. “और इनमें?”

“पाणी.”

“पानी?” तो नदीकडे बघून हसला. “नदी पार करके पानी ला रहे?” त्यानं वाकून जवळच्या घागरीचा वास घेतला, आणि त्याचं हसू गेलं. ती घाणेवाल्या म्हातारीची घागर होती. तिच्या घरातल्या सगळ्या भांड्यांना तेलाचा वास येई, कितीही घासली तरी. “तेल है,” तो म्हणाला. “मीठा तेल. इसका बीजक किधर है?”

तेलाला जकात होती. पुढच्या गाडीवानांनी गाठींवरचे दोर सोडायला हात घातला. त्यांना वाटलं, झालं, उतरवा आता. घाणेवाली म्हातारी म्हणाली, “देवाशप्पथ पाणी हाय बाबा,” आणि तो म्हणाला, शपथा सगळेच खातात.

जाऊबाईंनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. “पिऊन पाय ना मंग,” त्या म्हणाल्या. “तेल असलं त आमच्या सगळ्या गाड्या ठेवून घे.”

भासऱ्यांनी डोळे मिटले, असं ते पुढे जाऊबाईंजवळ कबूल करत असत.

नाकेदारानं खाली उकिडवं बसून ओंजळ धरली. जाऊबाईंनी फडकं सोडून वरून धार धरली. तो प्याला. थांबला. पुन्हा ओंजळ पुढे केली. नाक्याची विहीर मचूळ पाण्याची, उन्हाळ्यात तर ते घशाखाली उतरत नसे. आमच्या घागरीत वाशिमचं गोड पाणी होतं, ओल्या फडक्याखाली गार झालेलं. तो भरपूर प्याला, तोंड पुसलं आणि आपल्या शिपायांना म्हणाला, “पियो, अच्छा पानी है.”

शिपाई प्याले. बांबूपाशी तिष्ठत थांबलेले दुसरे गाडीवान आले. तहानलेल्याला नाही म्हणायची रीत आमच्याकडे नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि घागरी रिकाम्या होत होत्या.

“पर आप पानी लाए क्यों?” त्यानं शेवटी विचारलं. जाऊबाईंनी त्याला सांगितलं की आई लेकीच्या घरचं पाणी पीत नाही.

“क्यों नहीं पीती?”

“ते आमालेबी कोणी नाई सांगतलं,” जाऊबाई म्हणाल्या.

तो मोठ्यानं हसला आणि बांबू उचलायची खूण केली. कापडाच्या गाड्या पुढे सुटल्या. भासऱ्यांनी बैलांना इतक्या जोरानं हाकारलं की धुळीत काही वेळ काहीच दिसेना.

पहिलंच गाव घाणेवाल्या म्हातारीच्या लेकीचं लागलं. म्हातारी दारातच, उंबऱ्याबाहेर बसली. लेक बाहेर आली, आईला पाहून आधी मागे सरकली, काही वाईट बातमी असेल असं वाटून. मग तिनं गाठोडं पाहिलं आणि आईच्या गळ्यात पडली. सासूही बाहेर आली. ती खरोखरच पुष्कळ बोलणारी होती, पण विहीणबाई उन्हात दारात बसलेल्या पाहून तिलाच काय करावं सुचेना. लेकीनं तांब्या भरून आणला, आणि आणल्यावर तिला रीत आठवली. ती तांब्या धरून तशीच उभी राहिली.

म्हातारीचे ओठ सुकले होते. तिनं आपल्या घागरीकडे पाहिलं.

“तिच्यात काय पायतं?” जाऊबाई गाडीतून म्हणाल्या. “तुहं पाणी सरकारनं पेलं. आता पे मुकाट्यानं.”

“पाप लागीन.”

“लागलं त नाकेदाराले लागीन. त्यानंच संपवलं.”

म्हातारीनं तांब्या घेतला. डोळे मिटून, वरून, एका दमात सगळा रिकामा केला. मग डोळे उघडून लेकीला म्हणाली, “पाणी गोड हाय व तुह्या घरचं.” सासूबाई लगेच म्हणाल्या, “आमची इहीर हायेच तशी,” आणि त्या विहिरीबद्दल जे बोलू लागल्या ते आमची गाडी हलेपर्यंत संपलं नाही.

पुढच्या गावांत फारसं समजवावं लागलं नाही. एकीनं प्यायलं ते सगळ्यांना पुरलं. रात्र आम्ही शेवटच्या गावी, नणंदेच्या घरी काढली.

सोमवारी सकाळी आम्ही बाजारगावी पोचलो तेव्हा कापड आदल्या संध्याकाळपासून तिथे होतं. दुकानांपुढे दोऱ्या बांधून लुगडी टांगली होती, आणि लग्नघरची माणसं ती बोटांत धरून चुरगाळून बघत होती. शेठजी स्वतः आले होते, हिंगोलीपर्यंत मोटारीनं आणि पुढे कुणाच्या तरी बैलाच्या दमणीतून. ते छत्री टेकून उभे होते. भासरे त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“वक्तावर आलं,” शेठजी म्हणाले.

“आलं.”

“मोटारवाल्याले मी नाई म्हणून सांगतलं. माह्या दुकानातली भांडीबी तुमीच न्या पुढल्या हप्त्यापासून. मोटारीत पितळेले पोचे पडतेत.” मग त्यांनी आमच्या गाडीकडे, चटईखाली बसलेल्या बायकांकडे पाहिलं. “ह्या कोण?”

“ह्या गाठोड्याईच्या मालकिणी,” भासरे म्हणाले.

नाक्यावरची सगळी हकिगत शेठजींना आधीच कळली असावी, कारण ते छत्री उघडून तिच्याआड तोंड लपवून हसू लागले.

परतताना भासऱ्यांनी नदीकाठी गाड्या सोडल्या. गाडीवानांनी बैल धुतले. बायका काठावरच्या सावलीत भाकरी घेऊन बसल्या, लेकींनी बांधून दिलेल्या. कालपर्यंत त्या घरचं पाणी ज्यांना चालत नव्हतं, त्या आज तिथलं लोणचं चांगलं की ठेचा चांगला यावर बोलत होत्या. आणि मग भांडण सुरू झालं. गाडीत जागा ठरलेली, आणि गल्लीतल्या अर्ध्या आया अजून राहिलेल्या. ज्या जाऊन आल्या त्यांना पुढच्या रविवारी पुन्हा जायचं होतं.

“तू त आत्ताच भेटली,” एक म्हणाली.

“भेटली, पण बोलणं कुठं झालं? सासूच बोलत होती,” घाणेवाली म्हातारी म्हणाली.

भासरे बैलाची पाठ चोळत हे सगळं ऐकत होते. नाका पुढे काही वर्षांनी उठला, पण ही गाडी त्यानंतरही चालत राहिली, हे त्या दिवशी कुणाला ठाऊक असणार? त्यांना तेवढ्यात हिशोब मात्र कळला होता. त्यांनी मान वर करून जाऊबाईंना म्हटलं, “अवं, ह्या बुढ्या एका गाडीत मावत नाईत. दुसरी गाडी लागते.”

“मंग जोडा ना,” जाऊबाई म्हणाल्या, आणि भाकरीचा आणखी एक तुकडा मोडून ठेच्यात बुडवला.